घरकुल योजना आणि बसची फेरी : एका नियमाची समीक्षा

सार्वजनिक गृहनिर्माणाच्या कोणत्याही योजनेची परीक्षा करावयाची झाली, तर त्या योजनेने 'घर' ह्या शब्दाचा अर्थ काय मानला आहे, हे प्रथम पाहावे लागते. चार भिंती, छप्पर, नळ, शौचकूप आणि विजेचा दिवा एवढ्यांनी घर पुरे होते असे मानले, तर आपल्या राज्यातील अलीकडच्या पुष्कळ योजना यशस्वी ठरतील. परंतु ज्या घरातून रोज सकाळी कामावर जाता येत नाही, किंवा जाता येते पण त्यासाठी मिळकतीचा मोठा हिस्सा मोजावा लागतो, ते घर कितपत पुरे झाले असे म्हणावे? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार सोलापूर जिल्ह्यातील एका मोठ्या वसाहतीच्या आधारे करावयाचा आहे. लेखाचा रोख त्या वसाहतीच्या आजच्या बस-वेळापत्रकावर नाही, कारण वेळापत्रके बदलत असतात. ज्या नियमाखाली अशा वसाहती उभ्या राहतात त्या नियमावर तो आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेची शहरी शाखा जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दुर्बल घटकांसाठी ३० चौरस मीटरपर्यंतच्या चटईक्षेत्राचे घर सांगितले आहे, आणि अशा घरांना पाणी, स्वच्छता, मलनिःसारण, रस्ता, वीज इत्यादी मूलभूत नागरी सोयी असाव्यात असा दंडक घातला आहे. ही यादी लक्षपूर्वक वाचावयास हवी. तीत रस्ता आहे. रस्त्यावरून जाणारी गाडी नाही. नळाला पाणी येत नसेल तर नळ जोडला असे कोणी म्हणत नाही, पण रस्त्यावर गाडी येत नसतानाही दळणवळणाची सोय झाली असे मानण्यास ही यादी वाव देते. बससेवेला जागा मिळालीच तर ती 'इत्यादी' ह्या शब्दात, आणि 'इत्यादी'चे अंदाजपत्रक कोणी करीत नाही.

ह्या उणिवेचे गांभीर्य सर्वत्र सारखे नाही, आणि तेच ह्या चर्चेत बहुधा सुटून जाते. आवास योजनेच्या निरनिराळ्या घटकांपैकी एकात लाभार्थी स्वतःच्याच जागेवर घर बांधतो. माळशिरस तालुक्यातील नातेपुते ह्या गावाचे उदाहरण घेऊ. पुणे-पंढरपूर मार्गावरील हे गाव, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम, अलीकडे नगरपंचायतीचे. अशा गावात कोणी जुन्या जागेवर अनुदानातून नवे घर बांधले, तर त्याच्या पायांखालचे अंतर बदलत नाही. फलटणकडे किंवा अकलूजकडे जाणारी एसटी तो पूर्वी जेथून धरीत असे तेथूनच पुढेही धरतो. गाव मुळात रस्त्याच्या आधाराने वाढलेले असल्यामुळे येथे नियमातील उणीव नजरेस येत नाही, आणि यादीत गाडीचा उल्लेख नसला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

भागीदारीतील परवडणाऱ्या घरांची गोष्ट निराळी आहे. तेथे हजारो घरे एकाच जागी बांधावयाची असतात. त्यासाठी सलग जमीन लागते. आणि घर स्वस्त पडावयाचे तर जमीन स्वस्त हवी. शहराजवळची सलग जमीन स्वस्त का असते? ती पोचण्यास अवघड असते म्हणून. म्हणजे जमिनीच्या किमतीत जी बचत दिसते, ती बव्हंशी भावी रहिवाशांच्या प्रवासखर्चाचीच उचल असते. ही उचल कोण फेडणार, हे योजनेच्या कागदात लिहिलेले नसते.

सोलापूरच्या पूर्वेस, अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी हे गाव आहे. शहराच्या मध्यापासून ते सुमारे दहा-बारा किलोमीटरांवर पडते. येथे प्रथम विडी कामगार स्त्रियांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. तिच्या किल्ल्या २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आल्या. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर ही तीस हजार घरांची योजना आली. तिची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तीतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. दोन्ही वसाहतींमागे कामगार चळवळीचा आणि विशेषतः माजी आमदार नरसय्या आडम यांचा दीर्घकाळचा पाठपुरावा आहे. दोन अगदी भिन्न विचारांच्या केंद्र सरकारांकडून एकाच माळावर घरे मिळविणे हे सामान्य काम नव्हे, आणि पुढील टीका वाचताना वाचकांनी हे विसरू नये.

आता आकडे पाहू. पायाभरणीच्या वेळी योजनेचा खर्च १,८११ कोटी रुपये सांगण्यात आला होता, आणि त्यात केंद्र व राज्य मिळून साहाय्य ७५० कोटींचे. तीस हजारांनी भागले असता घरामागे खर्च सुमारे सहा लाख, आणि शासकीय साहाय्य अडीच लाख येते. घरातील दोन माणसे शहरात कामाला जातात असे धरावे; जाण्याचे वीस व येण्याचे वीस रुपये धरावे; महिन्याचे पंचवीस दिवस धरावे. हे गृहीतच आहे, पण अवास्तव नाही. एका माणसाचे महिन्याला हजार रुपये होतात आणि दोघांचे वर्षाला चोवीस हजार. ह्या हिशेबाने अडीच लाखांचे अनुदान ते कुटुंब सुमारे दहा वर्षांत तिकिटांच्या रूपाने रस्त्यावर परत करते. पूर्वी जो कामगार शहराच्या जुन्या भागातील आपल्या खोलीतून पायी कामावर जात असे, त्याच्या दृष्टीने ही रक्कम सर्वस्वी नवी आहे. अनुदानाचा आकडा समारंभात सांगितला जातो. तिकिटाचा आकडा कोठल्याच कागदावर नसतो.

वाहनांची गरज किती, हेही अंदाजाने सांगता येते. केंद्रीय नागरी विकास खात्याच्या सेवा-मानकांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही उत्तम पातळी मानली आहे, आणि ०.२ पेक्षा कमी ही सर्वांत खालची. दर कुटुंबात साडेचार माणसे धरली तर तीस हजार घरांत एक लाख पस्तीस हजार लोक होतात. हा जमाव नातेपुत्याच्या कित्येक पट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांच्या सोलापूर शहराच्या तुलनेतही सातव्या हिश्शाइतका आहे. त्यास उत्तम पातळीने ८१ गाड्या लागतील, आणि केवळ शेवटच्या पायरीवरून वर येण्यासाठी २७. पहिल्या पंधरा हजार घरांपुरते पाहिले तरी हे आकडे ४० आणि १३-१४ होतात. ज्या खात्याने ही मानके ठरविली, त्याच खात्याच्या गृहनिर्माण योजनेच्या यादीत बस नाही, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. एका कपाटातील मोजपट्टी दुसऱ्या कपाटातील कापडाला लागलीच नाही.

परंतु गाड्यांची संख्या ही ह्या प्रश्नाची एक बाजू झाली. अधिक महत्त्वाचा मुद्दा हा की, ह्या गाड्या कोणासाठी व केव्हा धावावयाच्या. वाहतूक नियोजनाच्या आपल्याकडील अभ्यासांत एक ठरावीक प्रवासी गृहीत असतो. तो सकाळी नऊला निघतो, सायंकाळी सहाला परततो, हाती एक पिशवी असते, आणि तो बहुधा पुरुष असतो. लोकार्पणाच्या वेळी रे नगरच्या लाभार्थ्यांची जी वर्गवारी देण्यात आली तीत हातमाग व यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक, विडी कामगार व वाहनचालक होते. ह्यांपैकी नऊ ते सहाचा प्रवासी कोण?

विडी कामगार स्त्री घरी बसून विड्या वळते, म्हणून तिला प्रवास नाही असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तिचा धंदा फेऱ्यांवरच चालतो. कारखान्याच्या शाखेतून पान, तंबाखू व दोरा आणावयाचा, घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळावयाच्या, आणि तयार माल पुन्हा शाखेत नेऊन द्यावयाचा. तेथे माल तपासला जातो, काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, आणि मजुरी हजारावर मोजली जाते. वेळ शाखेची असते, बाईची नसते. शाखा दहा किलोमीटरांवर राहिली, तर अर्धा दिवस जाण्यायेण्यात व थांबण्यात मोडतो, आणि तो अर्धा दिवस म्हणजे न वळलेल्या विड्या. ह्या फेरीसाठी तिला सकाळी नऊची भरगच्च गाडी नको असते. दुपारी अर्ध्या तासाने येणारी, जीत पानाचे गाठोडे ठेवता येईल अशी गाडी हवी असते. ह्या एका वर्गापुरता दुसराही उपाय आहे. माणूस शाखेकडे नेण्याऐवजी शाखा वसाहतीत आणावी. जेथे हे साधेल तेथे ते बसपेक्षा स्वस्त पडेल. वाहतुकीच्या आराखड्यात हा पर्याय मांडण्याची आपल्याकडे रीत नाही, कारण तो वाहतूक खात्याचा विषय नव्हे!

फेरीवाल्याचे गणित आणखी निराळे. भाजीच्या लिलावाला त्याने उजाडण्यापूर्वी पोचले पाहिजे, आणि टोपलीसह वाहकाने त्याला गाडीत घेतले पाहिजे. कचरावेचक स्त्रीही पहाटेचीच. यंत्रमागावरील कामगार रात्रपाळी संपवून अशा वेळी बाहेर पडतो की, शहरातून बाहेर जाणारी गाडी त्या वेळी सुरू झालेली असेलच असे नाही. म्हणजे ह्या वसाहतीच्या गर्दीच्या वेळा शहराच्या गर्दीच्या वेळांशी जुळत नाहीत, आणि शहराच्या वेळापत्रकाचे शेपूट म्हणून कुंभारीची फेरी आखली तर ती गाडी रिकामी धावेल. मग 'प्रवासीच नाहीत' असा शेरा फाइलीवर पडेल, आणि तो शेरा आकड्यांनी खराही ठरेल.

हा प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो, हे पाहिले म्हणजे त्याचे दुसरे अंग उघड होते. शहर महानगरपालिकेचे, कुंभारी तिच्या हद्दीबाहेर. महापालिकेच्या परिवहन उपक्रमास हद्दीबाहेर गाड्या नेण्यास परवानगी लागते, आणि कर न देणाऱ्या रहिवाशांसाठी तोटा का सोसावा, असा प्रश्न सभागृहात निघाल्यावाचून राहत नाही. त्यातून सोलापूरच्या ह्या उपक्रमाची स्थिती गेल्या दशकात अत्यंत खालावली. जवाहरलाल नेहरू योजनेतून आलेल्या गाड्यांपैकी मोठ्या संख्येच्या सांगाड्यांना तडे जाऊन त्या आगारात पडून राहिल्या. दुसरीकडे एसटी महामंडळ. त्याच्या लेखी कुंभारी हा अक्कलकोट मार्गावरील एक थांबा. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळते, आणि विडी कामगार स्त्रीच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. पण ती सवलत एसटीची आहे, महापालिकेच्या गाडीची नव्हे. तेव्हा एकाच रस्त्यावर, एकाच अंतरासाठी, कोणती गाडी प्रथम आली त्यावर त्या बाईचे भाडे ठरणार. आणि दोन्ही न आल्या तर 'वडाप' आहेच. वडापला नावे ठेवण्याची अभ्यासकांत एक फॅशन आहे. प्रस्तुत लेखकास वाटते की, ज्या ठिकाणी दोन सार्वजनिक संस्था परस्परांकडे बोट दाखवितात तेथे रोज पहाटे वेळेवर येणाऱ्या वाहनाविषयी जरा आदराने बोलावे.

पायाभरणीच्या त्याच २०१९ च्या कार्यक्रमात सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद महामार्गाच्या चौपदरीकरणाचे लोकार्पणही झाले होते. रस्त्याला पैसा मिळतो, कारण तो एकदाच द्यावा लागतो आणि त्याची कोनशिला बसते. फेरीला रोज पैसा लागतो, आणि कोनशिला कोठे बसवावी हा प्रश्नच पडतो. नियमातील यादीत 'रस्ता' आला आणि 'बस' आली नाही, ह्याचे कारण बहुधा ह्यापेक्षा खोल नाही.

असे नियोजन केल्यास काय घडते ह्याचा एक विलक्षण पुरावा अहमदाबादचा आहे, आणि योगायोगाने तोही विडी वळणाऱ्या स्त्रियांचाच आहे. १९८७ मध्ये तेथे 'सेवा' ह्या संघटनेच्या विडी कामगार सभासदांसाठी सोडत काढून घरे देण्यात आली. घरे शहराच्या मध्यापासून सुमारे बारा किलोमीटर दूर होती. सोडत असल्यामुळे जिंकलेल्या व हरलेल्या स्त्रियांची तुलना निःसंदिग्धपणे करता येणार होती. बार्नहार्ट, फील्ड व पांडे ह्या अर्थशास्त्रज्ञांनी चौदा वर्षांनंतरच्या स्थितीचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घर मिळालेल्यांपैकी शेकडा ३४ कुटुंबे तेथे कधी राहावयास गेलीच नाहीत, आणि आणखी शेकडा ३२ गेली ती कालांतराने बाहेर पडली. जिंकलेल्यांची घरे चांगली होती; पण कुटुंबाच्या उत्पन्नात किंवा मुलांच्या प्रगतीत फरक पडलेला आढळला नाही, आणि नातलग व जातभाई दुरावल्यामुळे अडीअडचणीचा आधार मात्र कमी झाला. लेखकांचा भर ह्या तुटलेल्या आधारावर आहे आणि तो योग्यच आहे. पण आधार तुटतो म्हणजे नेमके काय होते? बहिणीकडे मूल ठेवून कामावर जाता येत नाही. आजारात भावाला बोलावणे धाडले तर तो वेळेवर पोचत नाही. ही तूट मुख्यतः बारा किलोमीटरांची आहे. केवळ बस दिल्याने ती सर्व भरून निघाली असती असा दावा कोणी करू नये. तथापि तीनांपैकी दोन कुटुंबांनी अनुदानित घराकडे पाठ फिरविली, ह्या गोष्टीला 'लाभार्थ्यांची उदासीनता' म्हणून बाजूला सारता येत नाही.

रे नगरची अहमदाबादशी तुलना करताना एक फरक ध्यानी घ्यावा. तेथे थोड्या कुटुंबांना सोडतीने वेचून दूर नेले होते. येथे एकेका धंद्याची माणसे हजारोंनी एकत्र येतात. त्यामुळे शेजार पुन्हा जुळण्याची शक्यता येथे कितीतरी अधिक, आणि दुकाने, शाळा, शाखा वसाहतीतच येण्याचीही. दुसरे असे की, हजारो प्रवासी एका ठिकाणी असणे ही बससेवेच्या दृष्टीने उत्तम स्थिती आहे. विखुरलेल्या वाड्यांना गाडी देणे परवडत नाही, हे समजू शकते. एका फाटकापाशी लाखभर माणसे असताना ते परवडत नसेल, तर दोष अंतरात शोधण्यापेक्षा आखणीत शोधावा.

ह्यावर आक्षेप घेतला जातो तो असा : रहिवासी येण्यापूर्वी गाडी सुरू केली तर ती पहिली दोन वर्षे रिकामी धावेल, आधी वस्ती होऊ द्यावी, मागणी दिसली की गाड्या वाढवाव्यात. वरवर पाहता हा युक्तिवाद शहाणपणाचा वाटतो. पण मागणी वाट पाहत बसत नसते. पहिल्या सहा महिन्यांत ज्याला शक्य असेल तो कर्ज काढून मोटारसायकल घेतो, आणि एकदा हप्ते सुरू झाले की तो बसकडे परत येत नाही. उरतात त्या मोटारसायकल न चालविणाऱ्या स्त्रिया, वृद्ध आणि शाळकरी मुले. म्हणजे ज्यांच्याकडून तिकिटाचे उत्पन्न कमी मिळते असे प्रवासी. अशा रीतीने उशिरा आलेली सेवा आपला तोटा स्वतःच निर्माण करते.

स्टॉकहोमच्या नियोजकांनी हे ओळखले होते. तेथील व्हेलिंगबी ह्या उपनगराचे केंद्र नोव्हेंबर १९५४ मध्ये खुले झाले. शहराला जोडणारी भुयारी रेल्वे तत्पूर्वी दोन वर्षे, ऑक्टोबर १९५२ मध्येच तेथवर पोचली होती. आपल्याकडे नव्या मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून मांडली, आणि सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू व्हावयास मात्र १९९२ उजाडले. ह्या बावीस वर्षांबद्दल नव्या मुंबईवर पुष्कळ टीका झाली आहे. परंतु तिच्यातील एक व्यवस्था आपण उचलण्यासारखी आहे. त्या लोहमार्गांच्या खर्चाचा शेकडा ६७ भाग सिडकोने दिला आणि ३३ रेल्वेने. जमिनीचा विकास करणाऱ्यानेच तेथे पोचण्याच्या साधनाचा मोठा भार उचलावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. हीच सिडको पुढे बेलापूर-पेंधर मेट्रोच्या कामाला २०११ मध्ये लागली आणि गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. तेव्हा तत्त्व मान्य करून काम संपत नाही हेही खरे.

गरिबांच्या वसाहतीत जमीन विकून पैसा उभारता येत नाही, म्हणून तेथे हा भार शासनानेच घ्यावा लागेल. त्याची पद्धतही आता नवीन राहिलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत दहा हजार गाड्यांची तरतूद असून, गाडी जितके किलोमीटर धावेल त्या हिशेबाने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले आहे. म्हणजे फेरीला रोज पैसा लागतो ही गोष्ट शासनाने मान्य केली. ही योजनाही आवास योजनेच्याच मंत्रालयाची आहे. मग हजाराहून अधिक घरांच्या कोणत्याही प्रकल्पास मंजुरी देताना फेऱ्यांचा करार आधी का मागू नये? कराराचा कागद लांबलचक असण्याचे कारण नाही. पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, दुपारी किती मिनिटांनी, गाडी वसाहतीच्या आत शिरते की महामार्गावरच थांबते, कोणत्याही इमारतीपासून थांबा किती पावलांवर, आणि गाडी न आल्यास जाब कोणाला विचारावयाचा, एवढे त्यात असले म्हणजे झाले. गाडी आत शिरावयाची तर तिला वळण्यापुरती जागा नकाशातच सोडावी लागते. इमारती उभ्या राहिल्यावर ती कोठून आणणार?

एवढे प्रशासनाला झेपेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी आषाढात नातेपुत्यास जावे. लाखो वारकरी पायी येतात. कोणत्या तिथीला मुक्काम कोठे, विसावा कोठे, पालखी केव्हा निघणार, हे सर्व आधी ठरलेले असते. त्याच हिशेबाने पाण्याचे टँकर, दवाखाने, पोलीस आणि पंढरपूरच्या जादा एसटी गाड्या ह्याच जिल्ह्याचे प्रशासन लावीत असते. रोज गाव बदलणाऱ्या समुदायासाठी जे वेळापत्रक बांधता येते, ते वर्षानुवर्षे एकाच जागी राहणाऱ्या समुदायासाठी बांधणे अधिक कठीण कसे?

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे चांगले काम आहे. रे नगरच्या फाटकापाशी एक कामाचा दिवस व एक बाजाराचा दिवस, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत, जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद घ्यावी. पायी, सायकल, मोटारसायकल, वडाप, एसटी, महापालिकेची बस असे रकाने करावेत; स्त्री-पुरुष व वय वेगळे लिहावे; थांब्यावर किती वेळ गेला तो घड्याळ लावून पाहावा. गर्दीची वेळ कोणती हे आधी ठरवून मोजणी सुरू करू नये, ती नोंदीतूनच निघू द्यावी. प्रचलित प्रश्नावल्यांत नसलेला आणखी एक रकाना त्यात अवश्य असावा : प्रवाशाच्या हातात किंवा डोक्यावर काय होते.